चौथ्या धबधब्यापाशी

मे महिन्यात हार्डांगरला सफरचंदं फुलतात
आणि वर डोंगरात हिवाळ्याचा बर्फ एकदम सुटतो.
पायथ्याला पाटी होती: पाणी जास्त आहे,
मुलांचे हात धरा.
गुनवोरनं ती वाचली आणि माझा हात धरला.
मी एकावन्न वर्षांचा. ती चोपन्न.

तिला जन्मापासून ऐकू येत नाही.
मला येतं,
आणि कितीतरी वर्षं घरात
एवढाच काय तो माझा मोठेपणा होता.

पहिला धबधबा वाटेला अगदी खेटून.
तिथं एक जर्मन कुटुंब एकमेकांच्या कानाशी ओरडत होतं,
बाप काहीतरी म्हणे, पोरगी पुन्हा विचारी,
बाप पुन्हा म्हणे,
शेवटी त्यानं हात झटकले नि सगळी फोटो काढायला वळली.
गुनवोर कठड्याला टेकून
सावकाश सांगत होती
की माझ्या बुटाची नाडी सुटलीय,
की यंदा पाणी जरा तपकिरी आहे,
की त्या पलीकडच्या माणसाच्या डोक्यावर आहेत ते केस नव्हेत, टोप आहे,
आणि तो आता उडणार.

त्या सगळ्या गर्जनेत आम्ही दोघंच बोलत होतो.
बाकीच्यांची नुसती तोंडं हलत होती.

पुढे चढ. मुळांच्या पायऱ्या, चिखल,
हाताला गार लागणारा लोखंडी दोर.
भूर्जाची पानं आत्ता कुठं उंदराच्या कानाएवढी झालेली,
आमच्याकडे वसंत असाच मोजतात.
एका वळणावर ती थांबली, खडकावर तळहात ठेवला,
म्हणाली, दुसरा आला.
मी कान दिला. माझीच धाप ऐकू आली.
तिला तो आधी टाचांत येतो,
मग गुडघ्यांत, मग दाढांत.
मला आला तेव्हा
आम्ही त्याच्या समोर उभे होतो.

तिसऱ्यापाशी पाणी आडवं येतं.
खाली पडायचं सोडून अंगावर चालून येतं,
कॉलरमधून, बाह्यांतून, थेट पाठीच्या पन्हाळीत.
हातमोजे घातले की गुनवोर मुकी,
काढले की बोटं बधिर, बोलणं बोबडं.
पाव म्हणायला गेली आणि पाद्री म्हणाली.
मला पाद्री दे, लोणी लावून.
आम्ही हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

फेब्रुवारीत वृद्धाश्रमानं आईचे केस कापले.
विंचरायला वेळ लागतो, म्हणाल्या बाई,
कर्मचारी कमी आहेत.
फोन मला आला होता. फोन नेहमी मलाच येतो.
मी म्हटलं, बरं.
गुनवोरला रविवारी कळलं,
दारातून आत पाऊल टाकल्यावर,
खुर्चीतल्या त्या लहान डोक्याकडे बघून.
त्यानंतर माझ्याशी ती हात खिशात ठेवून बोलायची,
म्हणजे बोलायचीच नाही.

आमच्या घरात काही खुणा अशा आहेत
ज्या कुठल्याच शाळेत शिकवत नाहीत.
दहाही बोटं कपाळापासून सोडायची,
थरथरत, कमरेच्याही खाली:
धबधबा.
ही खूण गुनवोरनं केली तेव्हा ती तीन वर्षांची होती
आणि तिनं धबधबा पाहिलेलाही नव्हता.
ती आई होती, न्हाऊन, चुलीकडे पाठ करून केस वाळवणारी.
पाणी त्या खुणेत नंतर आलं.

चौथा धबधबा मोठा आहे.
त्याच्यापुढं झाडं उभी राहात नाहीत, वाकूनच वाढतात.
गुनवोरनं मोजे काढून दातांत धरले,
बोटांवर फुंकर घातली,
आणि कपाळापासून खाली
ती खूण केली, सावकाश, लाल बोटांनी.

मी विचारलं नाही, कुठला अर्थ.
माझेही हात गारठले होते,
आणि मी तिची भाषा तिशीनंतर शिकलो,
माझे उच्चार आजही गावंढळ.
तरी मी ती तशीच करून दाखवली.
तिनं माझं मनगट धरलं, खाली ओढलं,
अजून, अजून खाली,
कमरेच्या खाली,
चुकलास, एवढे आखूड नव्हते.